केशरनं ओढलेली तारीख

"सर, ह्या कम्प्यूटरचं तोंड आम्हाला कधी बघायला मिळणार?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न केशरचा नव्हताच. फुला आणि तारा या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो मधल्या सुट्टीत तयार केला आणि "विचारून दाखव, मग तुला मानलं" असं म्हणून तिच्या गळ्यात बांधला. पैज लावायची आणि ऐन वेळी बाकाखाली डोकं घालून खुदखुदायचं, हा फुलाचा जुना धंदा. पण १९९८ च्या त्या जून महिन्यात दहावीतली केशर कुणालाच घाबरत नव्हती. मेमध्ये ती बेळगावला मावशीकडे राहून पंधरा दिवसांचा कम्प्यूटर क्लास करून आली होती, आणि तेव्हापासून तिची मान जी दोन बोटं वर गेली होती ती खाली यायचं नाव घेत नव्हती.

कोंडगाळीच्या हायस्कुलात कम्प्यूटर आला तो जानेवारीत. गोव्यात जाऊन मोठ्या झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तो शाळेला दिला. हेडमास्तर मिराशी सरांनी ग्रंथालयाच्या खोलीत त्याची स्थापना केली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि सरांच्या पत्नीनं स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर त्याला घातलं. खोलीत जायचं तर चपला बाहेर. पाच महिन्यांत कव्हर तीनदा धुतलं गेलं, कम्प्यूटर मात्र एकदाही सुरू झाला नाही.

इकडे वर्गात फुलानं बाकाखाली डोकं घातलं. मिराशी सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तोंड बघून काय करणार तू?"

"चालवणार, सर."

"येतं तुला?"

"येतं की, सर! पंधरा दिवसांचा क्लास केलाय."

इथे सत्यासाठी एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. क्लास पंधरा दिवसांचा होता. केशर गेली तेरा दिवस. शेवटचे दोन दिवस मावशीच्या नणंदेच्या साखरपुड्यात गेले. त्या दोन दिवसांचं टिपण तिनं शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेतलं होतं. अक्षर सुबक, रेघा लाल शाईच्या, आणि मजकूर एकदाही न वाचलेला. तेराला पंधरा म्हटलं तर असं काय आभाळ कोसळतं, असं तिला वाटलं. आभाळ कोसळायला चार आठवडे अवकाश होता.

तर कव्हर निघालं, यंत्र सुरू झालं, पडद्यावर निळा उजेड पडला, आणि आठवडाभरात केशर गावात 'कम्प्यूटरवाली' झाली. मिराशी सर स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढू लागले. फुला आणि तारा यांना तिला मानावं लागलं, आणि मानण्याचा फुलाला फार त्रास झाला.

आता केशरच्या घरचं सांगायचं. तिचे बाबा रामचंद्र म्हणजे गावचे पोस्टमास्तर. घराच्या पडवीतच पोस्ट. गावात आलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं, आणि निम्म्या घरांना ते वाचूनही तेच दाखवायचे. अक्षर देखणं, स्वभाव भिडस्त. दारात कुणी आलं तर त्याच्याशी तासभर बोलतील. पण आपण होऊन कुणाच्या दारात जायचं आणि काही मागायचं म्हटलं की त्यांच्या चपला सापडायच्या नाहीत.

पोस्टाखेरीज त्यांची अकरा खाचरं होती भाताची. दरवर्षी गडी लावून लावणी व्हायची. त्या वर्षी गडी सगळे गणेशगुडीकडच्या कुठल्याशा कामावर गेले आणि शेत तसंच राहिलं. रोप तर तयार. सोळा जुलैच्या आत ते खाचरात गेलं नाही तर जून, म्हणजे निबर, होणार, आणि जून रोप लावलं काय, न लावलं काय, वर्षभर भात विकतचा.

"इर्जिक घाला," आई म्हणाली.

इर्जिक म्हणजे ज्याचं शेत त्यानं गावाला हाक द्यायची. गावानं ठरल्या दिवशी एकदम बैल, नांगर, माणसं घेऊन उतरायचं आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकून टाकायचं. शेतवाल्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि पुढं ज्याच्या त्याच्या शेतात एकेक दिवस जाऊन फेडायचं. सगळं सोपं. अवघड एवढंच की हाक द्यायला प्रत्येक दारात स्वतः जावं लागतं. तेही सुपारी घेऊन.

"सव्वीस घरं," बाबा पुटपुटले. "सव्वीस दारं. आणि काय म्हणून उभा राहू मी?"

"बाबा," केशर म्हणाली, "तुम्ही कुठंच जायचं नाही. मी चिठ्ठ्या छापते."

बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो आईनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला, असं ती पुढं कैक दिवस सांगत होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर छपाई. बघायला अर्धी शाळा खोलीबाहेर, चपलांचा ढीग व्हरांड्यापर्यंत. केशरनं स्प्रेडशीट उघडली. एका उभ्या रकान्यात सव्वीस घरांची नावं टाइप केली. पहिलं परशूचं, शेवटचं रुक्माक्काचं. मग परशूच्या नावापुढं '1 jodi' म्हणजे एक बैलजोडी, आणि त्यापुढं '12-Jul-98'. बारा जुलै, रविवार.

"आता हे सव्वीसदा लिहायचं?" तारानं विचारलं.

केशरला हाच प्रश्न हवा होता. तिनं दोन्ही चौकोन निवडले, त्यांच्या कोपऱ्यातला बारीक काळा ठिपका उंदरानं, म्हणजे माउसनं, पकडला, आणि खालपर्यंत सर्रकन ओढला. एका ओढीत सव्वीस ओळी भरल्या! खिडकीतून 'आ' झालेली तोंडं दिसली. मिराशी सरांनी टाळी वाजवली. आणि नेमक्या त्या क्षणी, जेव्हा पडद्याकडं बघायला हवं होतं, तेव्हा केशर त्या तोंडांकडं बघत होती. तिला दोष देऊ नये. पंधराव्या वर्षी पडदा आणि टाळ्या यांतलं एक निवडायचं झालं तर कुणीही दुसरंच निवडेल.

प्रिंटर करकरला, लांबलचक कागद बाहेर आला, तारानं कात्रीनं एकेक ओळ कापून सव्वीस चिठ्ठ्या केल्या आणि ज्या त्या घरच्या पोरांच्या हातात दिल्या. म्हणजे ज्याला त्याला फक्त आपापली ओळ दिसली. अख्खा कागद कुणीच पाहिला नाही.

तो आठवडा कोंडगाळीत विचित्र गेला. माणसं पोस्टात यायची, बाबांकडं टक लावून बघायची आणि कार्ड घेऊन निघून जायची. शेजारचे वासूकाका तर कुंपणापाशी थांबून म्हणाले, "रामचंद्रा, शिकलेला माणूस तू. पर असल्या दिवशी नांगर धरायला सांगायचा?"

"काका, मला सुटी त्याच दिवशी असते ओ," बाबा नम्रपणे म्हणाले.

"त्या दिवशी सगळ्यांनाच सुटी असतीया!" वासूकाका म्हणाले आणि कपाळाला हात लावून आत गेले. रविवारबद्दल काकांना एवढी श्रद्धा कधीपासून, हे बाबांना कळेना.

आणखी एक. फुला केशरशी बोलेनाशी झाली. फुला म्हणजे रुक्माक्काची नात. चिठ्ठी घरी नेऊन तिनंच आजीला वाचून दाखवली होती. त्यानंतर ती वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. केशरनं एकदा विचारलं, "काय झालं ग?" तर फुला म्हणाली, "मोठी माणसं तुम्ही. आम्हाला काय विचारतासा?" केशरनं खांदे उडवले. यशस्वी माणसांवर लोक जळतात, हे तिनं ऐकलं होतं.

रविवार उजाडला. आई पहाटेपासून चुलीशी. साठ माणसांचं जेवण. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, डोंगराएवढा भात आणि गुळाची खीर. बाबांनी पांढरा सदरा घातला, मग चिखलाचं काम आहे हे आठवून काढला, मग पाहुणे येणार म्हणून परत घातला.

सात वाजता बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. परशू आपली एक जोडी घेऊन बांधावर उभा.

"रामराम ओ पोस्टमास्तर. बारा म्हटलासा, बाराला हजर."

"ये ये, परशू! पहिला मान तुझा."

आठ वाजले. परशूनं एक खाचर चिखललं. नऊ वाजले. आई दर दहा मिनिटांनी पडवीत येऊन वाटेकडं बघत होती. दहा वाजता समोरून सव्वीस घरांतलाच मारुती गेला, बैल घेऊन, पण आपल्या शेताकडं. हात मात्र वर करून गेला.

"परशू, बाकीचे कुठं रे?" बाबांनी शेवटी विचारलं.

"बाकीच्यांचं मला काय म्हाईत? माजी तारीख बारा. आलो."

दुपारी साठ माणसांच्या पंगतीत परशू एकटा बसला. आईनं वाढलं, बाबांनी आग्रह केला, केशरनं पाणी दिलं. तिघांचे सहा डोळे आपल्यावर आहेत म्हटल्यावर बिचाऱ्याला खाणं भाग होतं. त्यानं अठरा वडे खाल्ले. उठताना त्याला केशरनं हात दिला.

तो गेल्यावर बाबा पायरीवर बसले ते बसलेच. सदरा अजून अंगातच होता.

"बारा वर्षं ह्यांची पत्रं वाचली मी," ते हळूच म्हणाले. "ह्यांच्या पोरी नांदायला गेल्या, पोरगे मिल्ट्रीत गेले, सगळं मीच वाचून दाखवलं. एक माणूस आला, शकू. एक."

आईनं वड्यांची परात आत ओढली. तेवढं सगळं उरलं होतं, तरी शेजारी एक वाटी गेली नाही. "जे आपल्या दारात आले न्हाईत, त्यांच्या दारात माझा वडा जाणार न्हाई!" रात्री घरात वडे, सकाळी न्याहारीला वडे.

बाबांना असं बसलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

सोमवारी सात वाजता परत घुंगरं. बांधावर अर्जुन, दोन बैलजोड्या घेऊन.

"आलो ओ. एक जोडी माजी, दुसरी मेव्हण्याची. जगलबेटहून काल आणली. दोन सांगितलासा म्हणून." मग जरा लाजून, "काल परशूला वडे होते म्हणं?"

बाबा पायरी उतरले. "अर्जुन, कालच्या ऐवजी आज?"

"काल कसं? माजी तारीख तेरा." त्यानं पागोट्यातून चिठ्ठी काढली.

केशरनं ती घेतली. अर्जुन. 2 jodi. 13-Jul-98.

ती शाळेपर्यंत धावत गेली. चपला कुठं काढल्या ते नंतर दोन दिवस आठवलं नाही. कम्प्यूटर सुरू केला, फाइल उघडली, आणि पहिल्यांदाच तो रकाना वरून खालपर्यंत वाचला. बारा, तेरा, चौदा, पंधरा… घरागणिक एक दिवस पुढं, थेट सहा ऑगस्टपर्यंत. मारुतीला पंधरा. मिराशी सरांना तेवीस, म्हणजे अमावास्या. वासूकाकांना अठ्ठावीस. अठ्ठावीस जुलैला नागपंचमी, ज्या दिवशी गावात कुणी सुरीनं भाजीसुद्धा चिरत नाही. आणि पोस्टमास्तरांनी वासूकाकांना सांगितलं होतं नांगर धर! जोड्यांचंही तेच. एक, दोन, तीन, चार… वासूकाकांना सतरा, आणि तळाला रुक्माक्काला सव्वीस. रुक्माक्काकडं बैल होता एक. जोडी नव्हे. बैल. एक.

तिनं दप्तरातून क्लासची वही काढली. शेवटच्या दोन दिवसांचं पान. लाल रेघेखाली तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'तारीख किंवा आकडा असलेला मजकूर ओढल्यास कम्प्यूटर पुढचा आकडा आपोआप घालतो. तेच मूल्य हवे असल्यास कंट्रोल बटण दाबून धरून ओढणे.'

म्हणजे एक बटण. डाव्या हाताचं एक बोट, तेही रिकामंच होतं.

"सर, परत छापायच्या," ती मिराशी सरांना म्हणाली. "चूक झालीय."

सरांचा चेहरा उतरला. "कम्प्यूटरची?"

"माझी, सर."

"नीट सांग. कम्प्यूटर चुकला असं गावात झालं तर शाळेचं काय राहील?" मग आवाज खाली आणून, "मलाही आलीय चिठ्ठी. बारा जोड्या. माझ्याकडं कोंबडीसुद्धा नाही. पण छापील होती, म्हणून मी ती आवक वहीत चढवली."

"मग छापू, सर?"

"असं कसं छापू? कागद शाळेचा. अर्ज लागेल. कमिटीची मंजुरी लागेल. कमिटी बसणार पंचवीसला."

"पंचवीसला रोप जून होईल, सर!"

सरांनी विचार केला. शाळेच्या नियमांवर त्यांचं प्रेम होतं, पण पोस्टमास्तरांनी त्यांच्या बदलीचा अर्ज दोनदा वेळेत पोचवला होता. "अर्ज कर. तीन प्रती. मंजुरीचं मी बघतो."

केशरनं अर्ज लिहिला. विषय: चुकून पुढे गेलेली तारीख मागे आणण्याबाबत. सरांनी 'चुकून'च्या जागी 'अनवधानाने' घातलं आणि तीन प्रती परत लिहून घेतल्या. मग तिनं डाव्या बोटानं ते बटण असं दाबून धरलं की नख पांढरं पडलं, आणि ठिपका ओढला. बुधवार, पंधरा जुलै. सव्वीस वेळा पंधरा. सव्वीस वेळा एक जोडी. या खेपेला तिनं प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. टाळी कुणी वाजवली नाही, आणि ते बरंच झालं.

चिठ्ठ्या वाटायला ती स्वतः निघाली. आणि इथेच खरी पंचाईत झाली.

"हे काय नवीन?" पहिल्याच घरी विचारलं गेलं. "मला छापून आलंय अठरा."

"ती चूक होती, काका."

"छापल्यालं चूक कसं असंल?"

पुढच्या घरी, "मी पंचवीसचं ठरवून बसलोय. पाव्हण्यांना सांगितलंय." त्याच्या पुढच्या घरी, "पाच जोड्या लिहिल्यासा ते काय? आमी समजलो रेशनकार्डासारखा नंबर हाय." अर्जुन म्हणाला, "मी आलो, केलं, जेवलो. माजं झालं. आता तू बुधवारी परत बोलवूलालीस?"

वासूकाकांनी तर दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या.

"एक कागद म्हणतोय पंचमीला नांगर धर. दुसरा म्हणतोय परवा ये. तिसरा आला की सांग, मग तिन्ही मिळून विचार करतो."

"काका, कंट्रोल दाबायचं राहिलं ओ."

"कुणाचं?"

केशरनं पुढच्या घराची वाट धरली. सोळा घरं फिरली, आणि "व्हय, येतो" म्हणणारा निघाला फक्त मारुती. त्याची तारीख मुळातच पंधरा होती.

मंगळवारी संध्याकाळी ती गावाच्या टोकाला, रुक्माक्काच्या दारात पोचली. बाबांनी शेतातून रोपाची एक जुडी आणून दाखवली होती. बुधवार चुकला की संपलं होतं. इथं येण्यात अर्थही नव्हता. एका बैलाची म्हातारी बाई काय करणार? पण तिचीही चिठ्ठी हातात होती, म्हणून ती आली.

फुला दारातच उभी. हाताची घडी घातलेली.

"आलीस? अजून हसायचं राहिलंय?"

"हसायचं?"

"पैजेचा सूड घेतलास न्हवं? आमच्या आजीकडं एक बैल, आणि सव्वीस जोड्या मागितलीस! मीच वाचून दाखवली चिठ्ठी. आजीच्या तोंडाकडं बघवंना मला."

एवढ्यात आतून रुक्माक्का काठी टेकत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर खोचलेला, आणि चेहरा असा की जणू जत्रेतून आली आहे.

"कोण, पोस्टमास्तराची पोरगी? मोजायला आलीस व्हय? एकवीस झाल्यात बघ. पाच कमी हाईत, पर सहा तारखेला वेळ हाय अजून."

"एकवीस काय, अक्का?"

"बैलजोड्या ग! सव्वीस सांगितल्यासा न्हवं?" तिनं ओसरीवर बसून काठी आडवी ठेवली आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. "वासूची एक. त्यो न्हाईच म्हणूलाला, म्हटलं, नागपंचमी तुला, मला न्हवं. मारुतीची एक. परशूची. अर्जुनाच्या दोन, मेव्हण्याची अजून हितंच हाय. वरच्या वाडीवर गेलो, तिथनं तीन. हेडमास्तराकडंबी गेलो, त्येच्याकडं काय बैल न्हाई. म्हटला, मी स्वता येतो."

"सगळे हो म्हणाले?"

"दारात जाऊन उभं राह्यलं की कोण न्हाई म्हणतंय?"

केशर खाली बसली.

रुक्माक्का वेगळ्याच आवाजात म्हणाली, "धनी गेल्यापासनं मला इर्जिकीला कुणी बोलवलं न्हाई, पोरी. नऊ वर्सं झाली. एका बैलाची बाई, तिला काय बोलवायचं? तुज्या बानं बोलवलं. आणि नुसतं बोलवलं न्हाई, सव्वीस मागितल्या. आणू शकती असं वाटल्याबिगर कुणी मागतंय व्हय?"

फुलानं घडी सोडली. तिनं केशरकडं बघितलं, केशरनं तिच्याकडं. बाहेर बैलानं एकदा मान हलवली, घंटा वाजली.

"अक्का," केशर म्हणाली, "एक चूक झालीय."

"कसली?"

"तारीख चुकली. सहा ऑगस्ट नाही. उद्या. उद्या झालं न्हाई तर आमचं रोप वाया जाणार."

रुक्माक्कानं विचारलं, "आणि जोड्या?"

दहावीच्या वर्गात उभं राहून हेडमास्तरांना प्रश्न विचारणं हे किती सोपं काम होतं, ते तिला आत्ता कळलं.

"जोड्या बरोबर हाईत, अक्का."

"मग ऊठ," म्हातारी म्हणाली. "काठी दे माजी. फुला, कंदील नको, उजेड हाय अजून. परत एक फेरा मारायचा."

त्या फेऱ्यात केशर मागून चालली आणि एक शब्द बोलली नाही, हे तिच्या आयुष्यातलं पहिलंच उदाहरण. तिनं नुसतं बघितलं. रुक्माक्का दारात उभी राहायची, घरातल्या म्हशीची चौकशी करायची, सुनेला नावं ठेवायची, आणि मग म्हणायची, "माजी जोडी उद्या पायजे. सहाची न्हवं, उद्याची." आणि माणसं हो म्हणायची. तीच माणसं! त्यांची स्वतःची तारीख अठरा, एकवीस, पंचवीस, जिथल्या तिथं कायम होती. छापील शब्द कुणी मोडला नव्हता. उद्या जाणार होते ते रुक्माक्काचे बैल. वासूकाकांनी तर स्पष्टच सांगितलं, "मी येणार न्हाई. बैल येतील. आणि बैल कुणाच्या हातात देत न्हाई मी, म्हणून मला यावं लागंल."

बुधवारी सातला घुंगरांचा आवाज आला तो थांबेचना. बाबा पडवीत आले आणि खांबाला धरून उभे राहिले. बांधावरून एकामागून एक जोड्या उतरत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढं रुक्माक्का, काठी उगारून, "ए मारुती, तिकडनं! वासू, तुजा ढवळा आत घे! हेडमास्तर, बाजूला व्हा ओ, बैलाला तुमी नवीन हायसा!"

मिराशी सरांनी विजार दुमडली होती आणि चष्म्यावर पहिल्या मिनिटातच चिखल उडाला होता. आता तो पुसायला त्यांच्याकडं कोरडं काहीच नव्हतं.

बाबांनी चपला शोधल्या नाहीत. अनवाणीच खाली उतरले, सुपारीचं ताट घेऊन, आणि प्रत्येकापुढं जाऊन उभे राहिले. काय बोलले ते गलक्यात ऐकू आलं नाही. परशूसमोर मात्र जरा जास्त वेळ थांबले. परशू म्हणाला, "वडे आज जरा कमी वाढा ओ."

आईनं दुसऱ्यांदा साठ माणसांचा स्वयंपाक केला, आणि या खेपेला भात कमी पडला. चार वाजता शेवटच्या खाचरात शेवटचं रोप उभं राहिलं. पोस्ट त्या दिवशी उघडलंच नाही. तक्रार करायला पोस्टात येणार तरी कोण होतं?

संध्याकाळी घरात तिघंच. बाबा पाय धुऊन बसले होते. समोर वही उघडली होती, कारण इर्जिक झाली की फेड करावी लागते: जो आला त्याच्या शेतात एक दिवस.

"पण आले कुणाच्या नावानं?" बाबा पेन्सिल कानावर अडकवत म्हणाले. "सगळे म्हणतात, आम्ही रुक्माक्काचे. म्हणजे रुक्माक्काकडं एकवीस दिवस जायचं."

"तिचं शेत अर्धं खाचर," आई म्हणाली. "एकवीस दिवस तिथं बसायला तरी जागा हाय काय?"

"मी तेच म्हटलं तिला. ती म्हणाली, ज्याचे बैल त्याच्याकडं जावा. म्हणजे एकवीस घरं. मला पोस्ट आहे. तुला घर आहे." त्यांनी वहीकडं बघितलं. "गडी मिळाला तर…"

"बाबा," केशर म्हणाली. ती दारात उभी होती, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच जरा नवा वाटला. "गडी नको. मी ठरवलंय. एकवीस घरी मी जाणार."

आई हसली. "तुला रोप तरी धरता येतं काय ग?"

"नाही येत. रुक्माक्काकडं पहिल्या दिवशी शिकणार, मग बाकीच्यांकडं लावणार. रविवारी आणि शाळा सुटल्यावर. फुला येणार आहे बरोबर, तिला विचारलंय. आणि कुणाकडं कुठल्या दिवशी, ते मी दारात जाऊन विचारून येणार. उद्या सकाळी सहाला निघते. आई, मला लवकर उठव."